उताणी अळी

लुयांडोने काचेची नळी टेबलावर ठेवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"यात माझ्या माशा असायला हव्या होत्या," ती म्हणाली. "नाहीत."

मुतिंताने आधी मांडीवरच्या लेकाचा, चोल्वेचा हात धरला. पोरगं नळीवर झडप घालणारच होतं. तळाशी माशांच्या खाऊचा थर होता, पांढरा, घट्ट, लहानपणी खाल्लेल्या मक्याच्या न्शिमेसारखा. त्यात अळ्या वळवळत होत्या. वर चिलटाएवढ्या माशा, कापसाचा बोळा, नावाची चिठ्ठी.

"माशाच आहेत की," मुतिंता म्हणाली.

हाचिपुकामामांनी नुसतं भाचीकडे पाहिलं. पोलिसातून निवृत्त झाल्यापासून लुसाकातली नाना भानगडींची प्रकरणं याच व्हरांड्यात येत, आणि भाचीचा पहिला अंदाज हमखास चुकीचा निघे. म्हणूनच ती त्यांना सोबत लागायची.

"शाळेत न गेलेल्याला सांगावं तसं सांग, पोरी."

लुयांडोने सांगितलं. करिबा तलावाच्या काठी मरुलाच्या सडक्या फळांवर बसणाऱ्या माशांत तिला एक चिमुकलं जनुक सापडलं होतं. इतर ठिकाणच्या माशांत ते नव्हतं, नुकतंच जन्मलेलं. असलं जनुक स्वतः काही घडवत नाही, दुसऱ्या जनुकांना वेळेवर गप्प करतं.

"अशी नवी जनुकं सारखी जन्मतात आणि बहुतेक कामावाचून मरतात. माझे मार्गदर्शक म्वींगा सर, त्यांनी पुस्तकात लिहिलंय, हेही तसलंच. बिनकामाचं. मी ते काढून टाकलं, तर अळ्या उताण्या केल्यावर पालथ्याच होईनात. नुसत्या पडून राहायच्या. म्हणजे त्याला काम आहे ना?"

"मग?"

"पदवीच्या समितीसमोर मी अळ्या उताण्या केल्या. सगळ्या नळ्यांतल्या सगळ्या टुणकन पालथ्या झाल्या." तिचा आवाज कोरडा होता. "शुक्रवारी मला खोटारडी ठरवतील. पदवी जाईल, नाव जाईल. आणि माझ्या खऱ्या माशा जगात दुसरीकडे कुठेच नाहीत."

"सर काय म्हणाले?"

"मी त्यांना बाबा म्हणते. ते उठून निघून गेले."

चटईवर चोल्वे पाय झाडत होता. त्याच्याबरोबरीची पोरं रांगायला लागली, हा अजून पालथा पडत नव्हता. मुतिंता तिकडे पाहणं टाळायची.

लुयांडोच्या प्रयोगशाळेत, माशांचा खाऊ शिजवायच्या खोलीत नामाकाऊबाई भलंमोठं पातेलं ढवळत होत्या. आत पिवळंधमक.

"पाऊस बुडाल्यापासून हाच मका. मदतीचा."

"सगळ्यांच्या माशांना?"

"राजाच्या माशा आल्या तरी हाच. माझ्या पोरांना पांढरं पीठ मिळेना, माशांना कुठलं घालू? त्या कपेम्ब्वाला सांगा जरा. रोज येऊन नाक मुरडतो."

लुयांडोला हव्या असलेल्या नोकरीवरच डोळा ठेवून असलेला डॉक्टर कपेम्ब्वा खुर्चीतून उठलाही नाही.

"हो, ती जागा मला हवीय. लिहून घ्या. पण इथे माझ्याच माशा जगेनात. रोज संध्याकाळी वीज जाते, अंधारात चाचपडायचं नि मेलेल्या मोजायच्या. सगळेच काही सरांसारखे नशीबवान नसतात, घरी सोलर आणि घरीच माशा."

"खोलीला कुलूप?"

"माशा कोण चोरतं, काका?"

प्रोफेसर म्वींगांनी त्यांना घरी सरळ ताटावरच बसवलं. पालेभाजी, तळलेले कपेंटा मासे आणि पांढरीशुभ्र न्शिमा. मुतिंताने कितीतरी महिन्यांनी पाहिली. चोल्वेला तिने बोटाने चाटवली.

"खा, मुली. आमच्या उंबऱ्याच्या आत पिवळं पीठ येत नाही. लहानपणी दुष्काळात तेच गिळलं. वास अजून नाकात आहे."

"लुयांडोबद्दल..." मामा म्हणाले.

"लेक आहे ती माझी. लग्नात बापाच्या जागी मीच बसलो होतो." त्यांचे डोळे भरून आले. "घाई केली पोरीने. मी समितीला विनंती करेन, माफ करा म्हणून."

बाहेर पडल्यावर मुतिंता म्हणाली, "केवढी माया! मामा, हे काम कपेम्ब्वाचंच."

"पोट भरलं?"

"भरलं की."

"मग काय खाल्लंस ते आठव."

शुक्रवारी मामांनी समितीच्या टेबलावर दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक नामाकाऊबाईंकडून आणलेली, एक लुयांडोची.

"ही पिवळी, ही पांढरी. माशा एका नळीतून दुसरीत झटकता येतात. अळ्या झटकता येत नाहीत, त्या खाऊत रुतलेल्या असतात. आणि तुम्हाला बघायच्या होत्या अळ्या. म्हणून चोराला खाऊसकट अख्ख्या नळ्या बदलाव्या लागल्या. चिठ्ठ्या तेवढ्या उतरवून चिकटवल्या. वीज गेलेली, अंधारात पिवळं काय नि पांढरं काय."

"मला दिसलं होतं," लुयांडो हळूच म्हणाली. "वाटलं, बाईंना कुठून तरी पांढरं पीठ मिळालं. बरं वाटलं होतं."

"बाईंना मिळालं नाही. या दुष्काळात माशांना पांढरं पीठ घालणारं घर कुठलं? जिथे पिवळं उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि जिथे सोलरवर माशाही पाळल्यात. मी तिथे जेवलोय."

कपेम्ब्वाने मान खाली घातली. म्वींगांकडे पाहायची कुणाची छाती होईना.

लुयांडोने पाहिलं. "माझ्या नळ्या कुठे आहेत, बाबा?"

"उन्हात ठेवल्या होत्या. मेल्या सगळ्या," म्वींगा म्हणाले. "माझी निवृत्ती होईपर्यंत थांबली असतीस, तर मीच तुझी पाठ थोपटली असती. तेवढं थांबता आलं नाही तुला?"

त्यांच्या लेखी अजूनही चूक तिचीच होती.

पुढच्या आठवड्यात लुयांडो व्हरांड्यात आली. नाव धुऊन निघालं होतं. हातात रिकामी नळी होती, उगाच आणलेली.

"मरुला पिकला की करिबाला जाईन."

"मिळेल सगळं परत," मुतिंता म्हणाली.

"माशा मिळतील. त्यांच्यातून ते जनुक पुन्हा काढायला वर्षं जातील. तोवर पुस्तकातलंच खरं."

भाचीचा पहिला अंदाज, सगळं परत मिळेल हा, या वेळी मामांनाही खरा ठरायला हवा होता.

चटईवर चोल्वेने एक पाय दुसऱ्यावर टाकला. कुशीवर आला, अडकला, लालबुंद झाला. मुतिंता त्याला उचलायला धावली, तर लुयांडोने तिचा हात धरला.

"थांब. करू दे त्याला."

पोर कण्हलं, धडपडलं, आणि थपकन पालथं पडलं. मान वर करून त्याने तिघांकडे पाहिलं.

"किती सोपं दिसतं, नाही?" लुयांडो म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.