धुतलेला दगड

ही घटना शंभर टक्के खरी आहे. माझ्या मावसभावाने, समीरने, ती स्वतः भोगली आहे. आणि समीर खोटं बोलतो ते फक्त बायकोशी.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ‘शहर सडलंय’ असं जाहीर करून त्याने अंबरनाथच्या कारखान्यातली क्वालिटी ऑफिसरची नोकरी सोडली आणि बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीकाठच्या कातकरी वाडीत झोपडी बांधून घेतली.

त्याची बायको चैत्राली एवढंच म्हणाली, “जा. येशीलच पंधरा दिवसांत.”

आता मेलो तरी परत यायचं नाही, हे त्याचं तिथेच ठरलं.

नदीकाठी एक काळा दगड होता. त्यावर मासे... सडलेले. फुगलेले. अळ्या पडलेले.

समीरने नाक दाबलं. त्याने काठीने मासे पाण्यात ढकलले, दगड फिनाइलने घासला आणि फोटो फेसबुकवर टाकला.

शेजारची म्हातारी वेणू धावत आली.

“दादा, दगुड कुनी धुतला?”

“मी. काय घाण होती, आजी!”

“घान? माझ्या अनंताचा घास व्हता तो. पोर पुरात गेला, गावला नाय. जाल्यातला पयला मासा त्याचा.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी समीर वरण-भात घेऊन बसला.

ताटावरच्या माश्या एकदम गायब झाल्या.

दारातलं कुत्रं उठून गेलं.

मग अगदी कानाशी आवाज आला... चप... चप... चप...

शेजारी कुणीच नव्हतं.

दाताखाली काहीतरी चिकट आलं. बोटाने काढलं, तर... माशाचे खवले.

समीर शुद्ध शाकाहारी.

तो वेणूकडे पळाला. “आजी, ठेवा ना परत मासा दगडावर!”

“ठेवला की. फिनेलचा वास मारतो, शिवत नाय तो.”

त्याच क्षणी पळावं, असं त्याला वाटलं. पण चैत्रालीचं तोंड डोळ्यांपुढे आलं. राहिला.

मग रोज दुपारी तेच. शेवटी एकदा त्याने घास तोंडात घेतला आणि चावायच्या आत तिथे काहीतरी हललं...

थंड. बुळबुळीत.

जीभ.

त्याची नव्हती.

तिने घास हळूच ओढून घेतला. गिळल्याचा आवाज आला.

समीरने गिळलं नव्हतं.

अनवाणी त्याने अंबरनाथ गाठलं. चैत्रालीने दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. “शी! आधी दात घास.”

अजूनही पहिला घास तोंडाजवळ नेला की तो थांबतो. मी समोर असलो, तर मलाही माझं ताट नकोसं होतं.

त्या झोपडीत वेणू आता कोंबड्या ठेवते. अंडी चांगली येतात.