आपोआप उमटणारे ठिपके

“हात वर! सगळ्यांनी हात वर करा!” ढापण्या ओरडला.

भिंगरीने आणि मिरचीने कीबोर्डवरून हात उचलून थेट डोक्याच्या वर नेले. ढापण्याने स्वतःचेही दोन्ही हात उंचावले. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर पासवर्डची पांढरी चौकट होती. कोणाचंही बोट कुठेही टेकलेलं नव्हतं. तरीही त्या चौकटीत काळे ठिपके उमटत होते. एक, दोन, दहा, वीस... मुंग्यांची रांग चालावी तसे!

“बघा काका, बघा! आम्ही हातसुद्धा लावलेला नाही!” भिंगरी मागे वळून म्हणाली.

काका सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पसरून बसले होते, खास पहारा द्यायला. त्यांनी मोबाइलमधून मान वर काढली आणि ते किंचित सरकले. टुण्ण! पडद्यावर अक्षरं आली : पासवर्ड चुकीचा आहे. पाठोपाठ दुसरी ओळ : फार वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यामुळे खातं काही वेळ बंद करण्यात आलं आहे.

“झालं समाधान?” काका उठून उभे राहिले. “रविवारपासून हेच चाललंय. तुम्ही तिघं जवळ आलात की याचं डोकं फिरतं. कसला तरी खेळ घेतला असणार तुम्ही त्यात!”

“कुठलाही खेळ घेतलेला नाही!”

“मग भुताने घेतला असेल! ते काही नाही. उद्या पाच वाजता दुरुस्तीवाल्या बाई येतायत. मी सांगून ठेवलंय, सगळं पुसा आणि कोरा करकरीत करून द्या. आणि तोपर्यंत तुम्ही तिघांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही!”

“सगळं पुसणार?” मिरचीचा आवाज एकदम बारीक झाला. “आणि आजोबा?”

काकांनी ते ऐकलंच नाही. चपला घालून ते बाहेर पडलेसुद्धा.

भिंगरीच्या घरी एकच कॉम्प्युटर होता. दिवाणखान्यात खिडकीशी टेबल होतं, त्यावर तो असायचा. आईचं खातं वेगळं, काकांचं वेगळं, मुलांचं वेगळं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ‘त्याला त्यातलं कळतं’ असं घरात सगळे म्हणायचे, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. बाबा महिनाभर कामासाठी परगावी होते. ढापण्या हा भिंगरीचा मावसभाऊ, सुट्टीसाठी आलेला, जाड भिंगांच्या चष्म्यामुळे हे नाव मिळवलेला. मिरची शेजारच्याच घरात राहायची. तिला हे नाव का मिळालं, ते तिच्याशी एकदा भांडल्यावर कोणालाही कळायचं.

पण आत्ता मिरची भांडत नव्हती. पायरीवर बसून ती नुसती नखं कुरतडत होती.

मिरचीचे आजोबा पाणबुडे होते. धरणाच्या भिंतीला पाण्याखाली तडा गेला, जहाजाच्या पंख्यात दोर अडकला, की त्यांना बोलावणं यायचं. काळ्याकुट्ट पाण्यात नुसत्या हातांनी चाचपत त्यांनी चाळीस वर्षं काम केलं होतं. गेल्या सुट्टीत मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून, समोर माइक ठेवून त्या सगळ्या हकिगती रेकॉर्ड केल्या होत्या. एकूण सतरा. त्यानंतर आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेला. आता ते पाटीवर लिहून बोलायचे. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, मुलांच्या खात्यात.

“आईला सांगू या,” भिंगरी म्हणाली.

आई दवाखान्यात आहारतज्ज्ञ होती. ती नुकतीच घरी आली होती आणि खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

“आई, उद्या पुसण्याआधी आजोबांचं रेकॉर्डिंग बाहेर काढायला हवं!”

“काकांना सांग ना. त्यांना कळतं त्यातलं.”

“ते ऐकूनच घेत नाहीत! ते म्हणतात, आम्हीच बिघडवला.”

आईने डोळे उघडले. “भिंगरी, खरं सांग. मी सकाळी एकटी बसते तेव्हा काही होत नाही. काल दुपारी तू आणि मिरची इथे होतात, तर मलासुद्धा आत जाता आलं नाही. चुकून काही केलं असशील तर सांगून टाक. मी रागावणार नाही.”

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांचं ठीक होतं, ते कोणावरही खापर फोडतात. पण आई? ‘मी रागावणार नाही’ म्हणजे काय? न केलेल्या गोष्टीसाठी माफी मिळणार होती का तिला? ती पाय आपटत बाहेर आली.

“कोणी विचारतसुद्धा नाही!” ती भडकून म्हणाली. “मोठ्यांनी नुसतं म्हणायचं आणि ते खरं! आपण काय केलं ते त्यांनी सिद्ध करायचं सोडून, आपण काय नाही केलं ते आपण सिद्ध करायचं. हा कुठला न्याय?”

“अन्याय आहे,” ढापण्या म्हणाला, “पण त्यांचं एक बरोबर आहे.”

“काय?” दोघी एकदम किंचाळल्या.

“मारू नका, आधी ऐका! आपण असलो की तो बिघडतो, हे बरोबर आहे. का बिघडतो, ते चूक आहे.” त्याने खिशातून छोटी वही काढली. “मी रविवारपासून लिहितोय. रविवार संध्याकाळ : कॉम्प्युटरवर तुम्ही दोघी, खोलीत काका. ठिपके आले. सोमवार सकाळ : कॉम्प्युटरवर काका, खोलीत मी. ठिपके आले, खातं बंद, काका लालबुंद. काल दुपारी : कॉम्प्युटरवर मावशी, खोलीत तुम्ही दोघी. ठिपके. आज सकाळी मावशी एकटी. काही नाही.”

“म्हणजे आपणच!” मिरची हताश झाली.

“थांब,” भिंगरीने वही ओढून घेतली. राग तसाच होता, पण आता त्याला काम मिळालं होतं. “सोमवारी काका कॉम्प्युटरवर होते तेव्हा तू काय करत होतास?”

“पुस्तक वाचत होतो.”

“कुठे बसून?”

“सोफ्यावर.”

“आणि काल आई कॉम्प्युटरवर होती तेव्हा आम्ही दोघी...” भिंगरी थबकली. “सोफ्यावर! रविवारी काका कुठे होते? सोफ्यावर! आजसुद्धा! आणि आई एकटी असते तेव्हा सोफा रिकामा असतो!”



“पण सोफ्याचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध?” मिरची म्हणाली. “मध्ये अख्खी खोली आहे!”

“ते नंतर. आधी करून बघू.”

“हात लावायला बंदी आहे ना?”

“कॉम्प्युटरला हात लावायला बंदी आहे,” भिंगरी म्हणाली, “सोफ्यावर बसायला नाही!”

आई स्वयंपाकघरात गेली होती. दिवाणखान्यात कोणी नव्हतं. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. ढापण्या पडद्यासमोर उभा राहिला, हात पाठीमागे घट्ट बांधून. मिरची दारात पहाऱ्याला. भिंगरी सोफ्याच्या कोपऱ्यात, काकांच्या आवडत्या जागी, हळूच टेकली.

झपकन पडदा उजळला!

“ठिपके!” ढापण्या कुजबुजला. “आले, आले! ऊठ!”

भिंगरी उठली.

“थांबले! बस!... आले! ऊठ!... थांबले!”

भिंगरी चारदा बसली, चारदा उठली. चारही वेळा तसंच झालं. पाचव्यांदा ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, तेव्हा मात्र पडदा ढिम्म राहिला. तिने परत त्या कोपऱ्यात येऊन गादी वरून दाबून पाहिली. जाड गादीच्या खाली काहीतरी चपटं, कडक लागत होतं.

“काढ, काढ बाहेर!” मिरची पहारा सोडून धावत आली.

भिंगरीने गादीच्या कडेला हात घातला. आणि काढूनही घेतला.

“नाही काढायचं.”

“वेडी आहेस का?”

“विचार कर. आपण ते काढून हातात धरलं, तर काका काय म्हणतील? ‘तुम्हीच लपवलं होतं, आता बरं सापडलं!’ आई म्हणेल, ‘खरं सांग, मी रागावणार नाही.’ मला ते पुन्हा ऐकायचं नाही. हे मोठ्यांच्याच हाताने बाहेर आलं पाहिजे. सगळ्यांसमोर!”

ढापण्याने चष्मा पुसला. “आणि उद्या आपल्याला कोणी बोलूच दिलं नाही तर?”

भिंगरीने गादी पुन्हा नीट बसवली. आजोबांच्या सतरा हकिगती पणाला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाचला पाच कमी असताना दुरुस्तीवाल्या बाई आल्या. पाठीवर पिशवी, केसांचा घट्ट अंबाडा. आईही दवाखान्यातून तेवढ्यात पोचली. काकांनी दारापासूनच सुरुवात केली.

“मुलांनी वाट लावलीय याची! तुम्ही वेळ घालवू नका, थेट पुसून टाका. ठेवण्यासारखं आत काही नाही.”

“आहे!”

भिंगरी टेबलासमोर जाऊन उभी राहिली. डाव्या बाजूला मिरची, उजव्या बाजूला ढापण्या.

“बाजूला हो, भिंगरी!” काका गरजले.

“नाही होणार! आत मिरचीच्या आजोबांचा आवाज आहे. तो पुन्हा कुठून आणणार तुम्ही? आम्हाला पाच मिनिटं द्या. आम्ही चूक ठरलो तर सुट्टीभर कॉम्प्युटरकडे बघणारसुद्धा नाही!”

“वहिनी, बघा ही कशी उलट बोलते!”

आई काही बोलणार, तोच बाईंनी पिशवी खाली ठेवली. “पुसलेलं परत आणायचं म्हणजे महाकठीण. त्यापेक्षा पाच मिनिटं गेली तर चालतील. बोल बाळ, काय करायचं?”

भिंगरीने मोठा श्वास घेतला. “आम्ही तिघं खोलीच्या बाहेर जातो. पार पायरीवर. तुम्ही आणि आई पडद्याकडे बघा. कोणी कशाला हात लावू नका. आणि काकांनी फक्त सोफ्यावर बसायचं. नेहमीच्या जागी.”

“हा काय पोरखेळ आहे!”

“बसा हो,” बाई म्हणाल्या. “बसायला काय जातंय?”

मुलं पायरीवर गेली. मिरचीने भिंगरीचा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. आतून काकांचा कुरकुरण्याचा आवाज आला, मग सोफ्याचा.

आणि मग आईचा. “अगं बाई! ठिपके!”

“काकांना उठायला सांगा!” भिंगरी बाहेरूनच ओरडली.

“थांबले!”

“बसवा!”

“पुन्हा आले! भाऊजी, उठा... बसा... उठा बघू!”

काका उठत होते, बसत होते, शाळेत उठाबशा काढाव्यात तसे! ढापण्या तोंडावर हात दाबून हसत होता. शेवटी आतून बाईंचा खणखणीत आवाज आला, “मुलांनो, आत या! आणि ताई, तुम्ही तो सोफा जरा उघडा.”

आईने कोपऱ्यातली गादी उचलली. खाली एक काळा, पातळ कीबोर्ड पडला होता. बिनवायरचा.

“हा तर माझा!” काका पटकन म्हणाले. “कधीचा शोधतोय मी! शनिवारी सोफ्यावर पडून सिनेमा बघत होतो, तेव्हा...”

ते मध्येच थांबले.

बाई कॉम्प्युटरच्या मागे वाकल्या आणि नखाएवढा एक तुकडा काढून त्यांनी तळहातावर दाखवला. “या कीबोर्डचा निरोप हा तुकडा घेतो. हा आत लावलेलाच राहिला. मग सोफ्यावर कोणी बसलं की गादीखाली बटणं दाबली जायची, आणि कॉम्प्युटरला वाटायचं, कोणीतरी पासवर्ड देतंय. यंत्र अगदी ठणठणीत आहे. पुसायचं कारणच नाही.” त्या मुलांकडे वळल्या. “अठरा वर्षं हे काम करते मी. निम्मे लोक घाबरून आधी पुसायला लावतात. तुम्ही आधी बघितलंत, लिहून ठेवलंत, करून पाहिलंत. शाबास!”

ढापण्याचे कान लाल झाले. मिरची केव्हाच खुर्चीत बसली होती. तिने पासवर्ड दिला, एकाच फटक्यात खातं उघडलं, आणि सतराच्या सतरा फाइली जागेवर होत्या. बाईंनी तिथल्या तिथे त्यांच्या दोन प्रती काढून दिल्या, एक मिरचीच्या घरी ठेवायला आणि एक आईच्या कपाटात.

“वा, वा! हुशार आहेत हं आमची मुलं!” काका टाळी वाजवत म्हणाले.

“काका,” भिंगरी म्हणाली. “चार दिवस तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, मुलांनी बिघडवला. शेजारी सांगितलंत, यांनासुद्धा दारातच सांगितलंत. तेव्हा मोठ्याने बोलत होतात.”

काकांची टाळी विरली. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने त्यांना सोडवलं नाही.

“चुकलं माझं,” काका म्हणाले. मग घसा खाकरून पुन्हा, स्पष्ट म्हणाले, “माझाच हलगर्जीपणा आणि आळ तुमच्यावर घेतला. शेजारीही जाऊन सांगतो. आत्ताच.”

“आणि माझंही चुकलं,” आई भिंगरीजवळ येऊन म्हणाली. “‘रागावणार नाही’ असं मी म्हणायलाच नको होतं. आधी विचारायला हवं होतं. तुम्ही नसतात तर आज फार मोठं नुकसान झालं असतं गं.”

भिंगरीने मान हलवली.

काका खरोखरच शेजारी गेले, आणि येताना मिरचीच्या आजोबांना हात धरून घेऊन आले. आजोबांना खुर्चीत बसवलं. मिरचीने तिसरी फाइल लावली. खोलीत एक भरदार, घोगरा आवाज घुमला : “पाणी इतकं गढूळ होतं, की माझाच हात मला दिसेना...”

आजोबा डोळे मिटून ऐकत होते. हकिगत संपल्यावर त्यांनी पाटी मांडीवर घेतली, सावकाश काहीतरी लिहिलं आणि ती मुलांसमोर धरली.

‘मी चाळीस वर्षं बुडालेल्या वस्तू वर काढल्या. आज तुम्ही मला वर काढलंत.’