सावरखेड्याचा साक्षीदेह

सावरखेड्यात कारखाना उभा राहील की नाही, हे तेजलच्या छातीवर ठरणार होतं. त्यामुळे त्या वर्षी गावात जो तो तिला विचारत असे, "कसं वाटते बाई आज?"

तेजल घरातली धाकटी जाऊ. दहा पावलं भरभर चालली की तिच्या छातीत शिटी वाजायची. थोरली रेणुका बावीस वर्षं स्वतःची कामं करत आली होती आणि तेजल लग्न होऊन आल्यापासून तिच्याही वाटची. तिला कधी साधा ताप आला नव्हता. म्हणूनच की काय, तिला कसं वाटतं हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

कारखाना जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या भाजून त्यातला धातू काढणारा होता. नदीपलीकडच्या गावात असाच एक आल्यापासून तिथल्या विहिरीवर जांभळी साय धरत होती, त्यामुळे सावरखेड्याला तो नको होता. पूर्वी अशा वेळी मांडव घालून जनसुनावणी होई. कुणाला न कळणारा जाडजूड अहवाल वाचला जाई, लोक ओरडत, चहा पिऊन घरी जात. मग देहछायेचा कायदा आला.

देहछाया म्हणजे माणसाच्या देहाची संगणकात उभी केलेली प्रतिकृती. मनगटाला एक पट्टी बांधायची; श्वास, नाडी, रक्त, झोप, सगळं ती टिपत राहते. त्यावरून छाया तयार होते. मग त्या छायेला कारखान्याची पुढच्या तीस वर्षांची हवा द्यायची आणि काय होतं ते पाहायचं. गावातल्या सगळ्या छायांत जी सर्वांत आधी कोलमडेल, तिचा मालक गावाचा साक्षीदेह. त्याला सोसेल तेवढाच धूर कारखान्याने सोडायचा. ते जमत नसेल तर दुसरं गाव शोधायचं. सुनावणीत बोलायचा अधिकारही त्या एकालाच. पहिल्या मोजणीत तेजलची छाया सातव्या वर्षीच कोसळली होती. एवढा धूर आवरणं कारखान्याला शक्यच नव्हतं.

"सगळ्यांत नाजूक माणूस वाचला, की अख्खं गाव वाचलं," ओसरीवर बसून डॉ. ओवी डहाके समजावत होती. सरकारने पाठवलेली ही संशोधक वयाने लहान, बोलायला गोड.

"अन् जो धडधाकट हाय, त्याचं काय?" रेणुकाने विचारलं.

"त्याला विचारायची गरजच पडत नाही, मावशी," ओवी सहज म्हणाली आणि तेजलच्या मनगटावरची पट्टी सैल करू लागली.

रेणुका चहाचे कप उचलून आत गेली.

सरपंचाकडून तेजलसाठी मोसंबी येत. हळदीकुंकवाला पहिलं बोट तिच्या कपाळी लागे. रेणुकाच्या नवऱ्याने स्वतःची कूलरसमोरची खाट भावजयीकडे सरकवली, तेव्हा रेणुकाने उशीची खोळसुद्धा बदलून दिली. मत्सर हा शब्द तिच्या मनात आला नाही. रोज हजार नाम घेणाऱ्या बाईला आपल्या आत असलं काही रुजेल हे खरंच वाटत नाही. ती त्याला अन्याय म्हणते, आणि जपाची माळ थोडी जोरात ओढते.

"पट्ट्या अजून एक डाव बांधता काय?" तिने ओवीला एकदा विचारलं.

"सुनावणीआधीचे चाळीस दिवस. सगळ्यांनाच. देह बदलत असतो ना. धुरात राहिलं तर चांगलं फुप्फुससुद्धा बघता बघता नाजूक होतं."

पट्ट्या बांधल्या त्याच दिवशी रेणुकाने संकल्प सोडला. चाळीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, देवघराचं दार लावून गोवरीच्या निखाऱ्यावर राळ आणि गुग्गुळ टाकायचा आणि त्या धुपात बसून जप करायचा.

"जाऊबाई, तुमी तं दोन उदबत्त्याबी कधी संग लावल्या नाहीत," तेजल म्हणाली. "हे काय काढलं?"

"गावावरचं संकट टळावं म्हणून. तुले धूर सोसत नाही. तू माहेरी जाऊन राह्य. तिथं मळ्यात हवा चांगली हाय."

तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्या मायनं केलं नसतं एवढं," असं म्हणून ती पाया पडली. रेणुकाने तिला डिंकाचे लाडू बांधून दिले, चांगले तूप घालून.

चार दिवसांनी शेजारच्या सुलभाने कारण विचारलं. रेणुकाने तिलाही गावाचंच नाव सांगितलं. मग सुलभाने नेम धरला, तिच्या नणंदेने धरला. पंधरवड्यात साठ घरांतून धूर निघू लागला. बायका खरोखर मनापासून बसत. कुणी उपास करी, कुणी अनवाणी राही.

"देवबी खोकलत असन बाप्पा," सुलभा एकदा म्हणाली. रेणुका हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली. थांबेचना. श्वास परत मिळाला तेव्हा तिने आधी मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं.

सुनावणी शाळेच्या दालनात भरली. पुढे गादीची एक खुर्ची होती. अधिकाऱ्यांनी नाव वाचलं, "साक्षीदेह, रेणुका." तेजल मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सरपंच लगबगीने पाण्याचा पेला घेऊन आले. "कसं वाटते वहिनी?" त्यांनी विचारलं. रेणुकाने पदराने डोळे टिपले. धुरामुळेही असेल.

ओवी तिच्या खुर्चीशी वाकली. चेहरा उतरला होता.

"मावशी, घोटाळा झालाय. कारखान्याने हवा किती बिघडेल हे काढायचं, तर गावाची आधीची हवा कशी आहे ते धरावं लागतं. तिला आम्ही मूळ हवा म्हणतो. या चाळीस दिवसांत ती इतकी वाईट भरली की तुमची छाया कारखाना नसतानाही कोसळते. मग कारखान्याकडे दोषच उरत नाही. परवानगी मिळून जाईल."

"मंग?"

"हा धूर नेमापुरता होता, एवढंच माइकवर सांगा. माझ्या सांगण्याला किंमत नाही, साक्षीदेहाच्या आहे. ही मोजणी रद्द होईल, पहिली धरतील."

"पयल्या मोजणीत तेजल होती."

"हो. त्याच पुन्हा साक्षीदेह होतील."

"अन् मी?"

"तुम्ही बऱ्या व्हाल, मावशी. महिनाभरात पहिल्यासारख्या."

पहिल्यासारखी. रेणुकाने मागे वळून पाहिलं. माहेरच्या हवेने तेजलचे गाल भरले होते. सगळं गाव मात्र रेणुकाकडे बघत होतं. तिने श्वास घेतला की त्यांचाही श्वास वर होई.

"बाई," अधिकाऱ्यांनी विचारलं, "गावातला हा धूर तात्पुरता आहे, की नेहमीचा?"

ओवीने माइक तिच्या तोंडाशी धरला.

"नेहमीचाच हाय जी," रेणुका म्हणाली. "आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या हाय."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. सुलभा उठू गेली, पण आपला नेम चुकीचा होता असं चारचौघांत कसं म्हणावं ते न कळून पुन्हा बसली.

"खोटं हाय हे!" मागून तेजल ओरडली. एवढा मोठा आवाज तिच्या छातीतून कधी निघाला नव्हता. "साहेब, मी वीस वर्सं त्या घरात नांदली! जाऊबाई, सांगा ना खरं! कारखाना येईन न हो!"

अधिकाऱ्यांनी नव्या मोजणीतला तिच्या नावापुढचा आकडा पाहिला आणि अदबीने हात वर केला.

"बसा, ताई. आपलं म्हणणं नोंदवता येत नाही. आपली तब्येत आता उत्तम आहे."