चतुराबाईची पुतळी

कुणाचा विश्वास बसो न बसो, रेणुकाईच्या पायरीवर हात ठेवून सांगते, यातलं एक अक्षर पदरचं नाही. आणि अमावस्या, मध्यरात्र असलं काही शोधू नका. हे घडलं भर दुपारी. १९८९ च्या पौषात, राजस्थानातल्या ओसियां गावी.

मी सत्यशीला. माहेर राजूरचं, सासर पिंपळगाव रेणुकाईचं. आमचे मालक मच्छिंद्र जुन्या जालन्यातल्या एका कापडवाल्या जैन शेठची यात्रेची बस चालवायचे. मला त्यांना दुसरेपणावर दिली होती. पहिली, चतुराबाई, काविळीनं गेली.

आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाची चांदीची पुतळी घालतात. पहिला घास तिला दाखवायचा. नवं लुगडं आधी तिला टेकवायचं, मग आपण नेसायचं. नाहीतर सवत जळते म्हणतात.

आणि माझ्या जळण्याचं काय? ते कुणी विचारलं नाही.

शेठ दर हिवाळ्यात यात्रेकरूंना ओसियांला न्यायचे. त्या वर्षी एक जागा रिकामी होती. मालक म्हणाले, "चल, तूबी." मी केवढी हरखले! पण वाटेत शेठाणी बोलून गेल्या.

"चतुराबाई किती मागं लागायची, मला ओसियां दाखवा म्हणून. हा मच्छिंद्र म्हणायचा, पुढच्या साली. राहूनच गेलं बिचारीचं."

म्हणजे तिच्या राहिलेल्या जागेवर मी बसले होते. पुढचा सगळा प्रवास मला गोड लागला नाही.

ओसियांत जिकडंतिकडं वाळू, आणि वाळूत हजारबाराशे वर्षांची देवळं. टेकडीवर देवी, खाली महावीराचं मोठं मंदिर. शेठमंडळी महावीराच्या दर्शनाला गेली. आम्ही दोघं गावाच्या कडेच्या जुन्या देवळांकडं गेलो. एका देवळाच्या भिंतीवर देव, अप्सरा नुसत्या दाटलेल्या, पण गाभारा रिकामा. आत मूर्तीच नाही.

मालक खाली सावलीला बसले. मी ओट्यावर चढले. माझी जोडवी दगडावर वाजली.

टक… टक… टक…

मी थांबले.

टक…

आणखी एक पाऊल वाजलं.

वळून पाहिलं. कुणी नव्हतं. खाली मालकांनीही मान वर केली होती. ते हसत होते… पण माझ्याकडं बघून नाही. माझ्या शेजारी बघून.

"काय बघून राह्यले?" मी विचारलं.

"काही न्हाई. चतुरा आली असती तर लई खूश झाली असती, असं आपलं मनात आलं."

मला भीती वाटायला पाहिजे होती. मला राग आला. मी गळ्यातला दोरा ओढून काढला आणि पुतळी गाभाऱ्याच्या भिंतीतल्या फटीत कोंबली.

"तुला ओसियां बघायचं होतं ना? मग बस इथंच."

उतरताना फक्त माझीच जोडवी वाजली.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा माझा गळाच पाहिला.

"पुतळी कुठंय गं?"

"बसमधी पडली, आत्याबाई."

"पडली का ठिवून आलीस?"

मी बोचकं सोडायला बसले.

"सोनाराकडून दुसरी करून घाल. जल्दी."

मी घातली नाही. वर्षभर पहिला घास मीच खाल्ला. फार गोड लागला.

पुढच्या हिवाळ्यात मी बाळंतीण होते, मालक एकटेच गेले. आले ते डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन. माझ्या हातात एकही शिरेना.

"कुणाच्या मापाच्या आणल्या?"

ते गोंधळले. "तुझ्याच मापाच्या आणल्या की."

सासूबाईंनी एक बांगडी उचलली, स्वतःच्या बोटांत फिरवली आणि खाली ठेवली.

"चतुराचा हात असा बारीक व्हता," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेठाणी बाळ बघायला आल्या. "मच्छिंद्र तिथं जुन्या देवळात जाऊन जेवायचा. दोन पत्रावळ्या मागून न्यायचा. आम्ही म्हटलं, देवाला नैवेद्य दाखवत असेल."

त्या गाभाऱ्यात देव नाही, हे मला बराबर माहीत होतं.

असं सात वर्षं चाललं. एरवी माणूस घुम्यासारखा. दिवाळी झाली की अंगात जीव यायचा. आरशासमोर शिट्टी वाजवत दाढी करायचे. लग्नानंतर माझ्यासाठी त्यांनी कधी शिट्टी वाजवली नव्हती.

शेवटी १९९७ साली मी हट्टानं बसमध्ये बसले. पुतळी परत आणायची, गळ्यात घालायची, पहिला घास तिचा, सगळं कबूल करायचं ठरवलं.

दुपारी पोचलो. मालक उतरले आणि माझी वाट न बघता चालू लागले. मी मागोमाग गेले. ओटा कुणीतरी स्वच्छ झाडलेला. मी गाभाऱ्यात शिरून फटीत बोटं घातली. सालटं निघेपर्यंत चाचपलं. आतून नुसती वाळू आली.

"चतुराबाई, चला घरी," मी म्हणाले. तिला अहोजाहो मी पहिल्यांदाच केलं.

टक… टक…

आवाज माझ्या मागून आला. माझ्या अगदी जवळून गेला… पायऱ्या उतरला… आणि मालकांपाशी जाऊन थांबला.

त्यांनी वाळूवर दोन पत्रावळ्या मांडल्या होत्या. तिसरी नव्हती. त्यांनी मान वर करून मला पाहिलं.

"तू इथं कशाला आलीस?"

रागानं नाही. आपल्या घरात परकी बाई शिरल्यावर विचारतात, तसं.

आता २००४ साल आहे. शेठांनी बस कधीच विकली. मालक रेल्वेनं जातात, एकटे. मी पुन्हा गेले नाही. सोनाराकडून नवी पुतळी करून घातली. रोज पहिला घास तिला दाखवते. पण तो कुणी घेत नाही, हे मला कळतं.

खरी पुतळी गळ्यात होती तोवर पहिला घास तिचा होता आणि नवरा माझा.

परवा मार्गशीर्ष लागला. आज सकाळपासून हे आरशासमोर उभे आहेत, आणि शिट्टी वाजवून राह्यलेत.