चकचकीत अस्तर

“पाकीट मिटलं की विषय संपला!” ती गिऱ्हाइकाला ठसक्यात सांगत होती. “गर्दीत कुणी खिशाजवळ चोरटं यंत्र आणलं, तरी कार्डातला एक आकडा बाहेर जायचा नाही. आत धातूच्या कापडाचं अस्तर आहे... आणि शिलाई माझी आहे.”

काउंटरच्या टोकाशी कार्डाचं मशीन दुरुस्त करत बसलेला माणूस मान खाली घालून हसला. हसला ते हसला, वर म्हणाला, “एकदा लावून बघू?”

“खुशाल!”

त्याने आपलं तपासणीचं कार्ड पाकिटात घातलं, पाकीट मिटलं आणि मशीनवर टेकवलं. मशीन टुंक वाजलं, हिरवा दिवा लागला; मिटल्या पाकिटातलं कार्ड वाचलं गेलं होतं. गिऱ्हाईक तसंच निघून गेलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुम्हाला दुसरं दुकान नाही मिळालं?”

“मिळालं असतं,” तो म्हणाला. “पण तिथे कुणी इतक्या खात्रीने बोललं नसतं.”

तिने ब्लेड उचललं आणि टाके उसवले. आत धातूचं कापड नव्हतंच... नुसतं चकचकीत प्लॅस्टिक! दुकान मामाचं, अस्तर मामानेच आणलेलं, आणि ‘तुझ्या हातात जादू आहे गं’ म्हणत त्याने तिच्याकडून अशी दोनशे पाकिटं शिवून घेतली होती. प्रत्येकात तिचा शिक्का होता. लोक तिच्या शब्दावर आत कार्ड ठेवणार होते. तिला संतापाने रडू आलं, आणि परक्या माणसासमोर रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

त्याने रुमाल पुढे केला नाही, मशीन पुढे केलं. “खरं कापड आणा. मी तपासून देतो.”

तेवढ्यावरच तो तिला आवडला, हे सांगून टाकलेलं बरं. ती काही इतक्यात कबूल करणार नव्हती.

मामा माल आणायला पंधरा दिवस परगावी गेला होता. तिने धातूच्या धाग्याचं कापड शोधून आणलं आणि तो रोज दुपारी येऊ लागला. दुमडीपाशी सुई अडते म्हणून तिने अस्तर आखूड कापलं, तर कार्ड अर्धं उघडं राहिलं आणि मशीनने ते वाचलं. तिने पुन्हा शिवलं. तो शेजारी बसून दोरा ओवून द्यायचा, आणि दोरा देताना बोटाला बोट लागलं की दोघंही मशीनकडे बघायची. चौथ्या दिवशी मशीन गप्प राहिलं.

पाचव्या दिवशीही तो हजर!

“आज काय बिघडलंय?” तिने विचारलं.

“काही नाही. म्हटलं... बिघडलं तर—” आणि तो कानापर्यंत लाल झाला.

मामा परत आला तेव्हा दोनशेही पाकिटांतून तिचा शिक्का कापून काढलेला होता.

“गिऱ्हाईक काय अस्तर फाडून बघतं?” मामा कडाडला. “त्या मशीनवाल्याने तुझे कान भरलेत! उद्यापासून तो इथे पाऊल टाकणार नाही. आणि तू शिक्के पुन्हा मारायचेस, नाहीतर...”

“नाहीतर काय?”

मामाने दाराकडे बोट दाखवलं. तिने कात्री उचलली, शिक्का उचलला आणि जाता जाता मामाला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या.

तो पलीकडच्या रस्त्यावर औषधांच्या दुकानात मशीन उघडून बसला होता. तिचा चेहरा बघून उठलाच.

“काय झालं?”

“दुकान सोडलं. खोट्या मालावर माझा शिक्का बसणार नाही, म्हटलं. स्वतःची पाकिटं शिवेन, स्वतः विकेन.”

“माझ्यामुळे...”

“मामाही तेच म्हणाला, ‘त्या मशीनवाल्यासाठी एवढं?’ मी म्हटलं, ‘हे माझ्या शब्दासाठी. आणि मशीनवाल्याचं म्हणशील, तर मी त्याच्याशी लग्न करणार आहे.’”

त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. औषधवाला गोळ्या मोजायचा थांबला.

“मामांना... असं सांगितलंत?”

“सांगितलं,” ती हनुवटी वर करून म्हणाली. “तुला विचारायचं तेवढं राहिलंय.”