चौथा कोपरा

आई गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात नवऱ्याने सहल ठरवली. पाच दिवसांत तीन शहरं आणि शेवटी समुद्रकाठ. कुठून किती वाजता निघायचं, गाडी कुठे लावायची, चहा कुठे घ्यायचा, सगळं त्याने एका कागदावर लिहून काढलं होतं. "दोन वर्षं तू हॉस्पिटलचे जिने सोडून काही पाहिलेलं नाहीस," तो म्हणाला. "आता जरा दुसरे जिने चढ."

जिने खरोखरच पुष्कळ होते. पहिल्या शहरात मनोरा, नदीवरचा पूल, बाजारपेठ, पुन्हा एक मनोरा. तो पुढे, मी मागे. दोन वर्षांपूर्वी त्याला स्टेंट बसवला होता आणि वजन उचलायची मनाई होती, त्यामुळे दोन्ही बॅगा माझ्याकडे. संध्याकाळी हॉटेलवर पोहोचलो तेव्हा माझा डावा खांदा भरून आला होता आणि दाढ ठणकत होती. खोलीत शिरले, आणि पलंग पाहून तशीच उभी राहिले.

आई चौतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होती. पलंग लावायची तिची पद्धत ठरलेली. चादरीची कड उचलून गादीवर त्रिकोण करायचा, खाली लोंबणारा भाग खोचायचा, मग त्रिकोण खाली सोडून तोही गादीखाली सारायचा आणि वर तळहात दाबून फिरवायचा. मला ते कधीच जमलं नाही. "तुझा कोपरा म्हणजे वाण्याने बांधलेली पुडी," ती म्हणायची. या पलंगाचे चारही कोपरे तसे होते. पाकिटासारखे.

"सासूबाईंनी इथेही ड्यूटी लावून घेतली वाटतं," नवरा म्हणाला.

मी हसले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा सलग झोपले.

मी ग्रंथालयात काम करते. एखादी वस्तू भलत्या जागी सापडली तर तिथे ती का आली, याला बहुतेक वेळा साधंच कारण असतं. दुसऱ्या शहरातही पलंगाचे कोपरे तसेच दिसले तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हॉटेलवाले कुठे तरी एकाच ठिकाणी शिकत असतील. तिसऱ्या शहरात आम्ही नाश्ता करून वर आलो, तर सफाईवाल्या बाई दारात गाडा लावून उभ्या होत्या.

"ताई, तुम्ही हॉस्पिटलात असता का हो?"

"नाही. का?"

"नाही म्हणजे, पलंग तुम्हीच लावून गेलात ना? मी आत्ता दार उघडतेय. आमच्या साहेबांना दाखवला तर उद्यापासून मला असाच लावायला लावतील. तेवढी एक घडी शिकवा की."

मी आत पाहिलं. नाश्त्याला जाताना आम्ही पांघरुणं तशीच टाकून गेलो होतो. नवऱ्याचा ओला टॉवेलही गादीवर होता. आता टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता, आई टाकायची तसा, शिवण आतल्या बाजूला.

"मला येत नाही," मी म्हटलं. बाईंना ते खोटं वाटलं. त्या जरा रागावूनच पुढच्या खोलीकडे गेल्या.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "दुसरी कोणी लावून गेली असेल. चल, साडेनऊ झाले, आपण अर्धा तास मागे आहोत."

समुद्राचा रस्ता कड्याच्या कडेकडेने जात होता. दर वळणावर नवरा गाडी थांबवायचा. फोटो काढायचा आणि मग थोडा वेळ कठड्याला हात टेकून उभा राहायचा. मी त्याच्या पाठीकडे बघत बसायचे. खांदे किती वर जातात, किती वेळाने खाली येतात. ते दोन वर्षांत अंगवळणी पडलं होतं. आधी तो, मग आई. उतरून समुद्र बघायचं त्राण माझ्यात नव्हतं.

हॉटेल बंदराच्या वर होतं, लिफ्ट नव्हती. खोलीत दोन पलंग होते, एक दाराशी, एक खिडकीशी. नवऱ्याने दाराशेजारच्या पलंगावर त्याची छोटी पिशवी टाकली. मला पुढचं नीट आठवत नाही. जो पलंग आधी हाताला लागला त्यावर मी आडवी झाले आणि सकाळी उठले.

नाश्त्याहून परत आलो तेव्हा दोन्ही पलंग लावलेले होते. खिडकीजवळच्याचे चारही कोपरे पक्के. दाराजवळच्याचे तीन. चौथा, पायाकडचा, दाराच्या बाजूचा, मोकळा सोडलेला होता.

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ज्या रुग्णाचं आता फार उरलं नाही असं आईला वाटे, त्याचा तो कोपरा ती खोचत नसे. जाणाऱ्याचे पाय अडकू नयेत, एवढंच म्हणायची. वॉर्डातल्या मुली तो कोपरा बघून नातेवाइकांना बोलावून घ्यायच्या. तिचा अंदाज चुकल्याचं त्यांच्यापैकी कोणाला आठवत नव्हतं. आणि शेवटच्या दुपारी ती स्वतः मला म्हणाली होती, पायाकडचं सैल कर गं. मी म्हटलं, गार लागेल, आणि उलट जास्तच घट्ट खोचलं. मग खाली चहा प्यायला गेले.

नवऱ्याची पिशवी दाराजवळच्या पलंगाच्या उशाशी होती. त्याच्या कागदावर आज दीपगृह होतं, दोनशे दहा पायऱ्यांचं.

मी वाकून कोपरा खोचला, पुडीसारखा का होईना. नवरा बाथरूममधून बाहेर येईपर्यंत तो पुन्हा मोकळा होता.

"आपण आज कुठे जायचं नाही," मी म्हटलं. "तू एकदा तपासून घे."

"मला काय झालंय? महिन्यापूर्वी तर तपासलं. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखा आहेस."

"तरी."

"अगं, एकच दिवस उरलाय. तुला थकवा आलाय, तू खाली बस, मी वर जाऊन येतो."

त्याने बूट घातले. मला दुसरं काही सुचलं नाही. मी खुर्चीत बसले, छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, मला दुखतंय.

त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

हॉस्पिटल लहान होतं, दहा-बारा खाटांचं. मी ठरवूनच गेले होते: माझं झालं की म्हणायचं, यांचाही ईसीजी काढा, यांना स्टेंट आहे. मशीनची पट्टी बाहेर येत होती तेव्हा हे वाक्य मी मनात घोकत होते.

तरुण डॉक्टरबाईंनी पट्टी हातात घेतली. मग ती घेऊन खिडकीपाशी गेल्या.

"किती दिवस दुखतंय?"

"दुखत नाहीये," मी खालच्या आवाजात म्हटलं. "मी यांच्यासाठी आले. तुम्ही यांना बघा."

"डावा हात? जबडा? जिना चढताना दम?"

"बॅगा उचलल्यामुळे."

त्यांनी सिस्टरना काही तरी भराभर सांगितलं. नवऱ्याला बाहेर टेबलापाशी फॉर्म भरायला बोलावलं.

"त्यांचा पलंग तो होता," मी म्हटलं.

"कुठला पलंग?" नवरा दारात वळला.

"दाराजवळचा. तुझा."

"माझा कुठला? त्यावर तू झोपलीस. बूटसुद्धा मी काढले तुझे. मी खिडकीपाशी होतो." तो हसायचा प्रयत्न करत होता. "बोलू नकोस आता."

सिस्टर माझ्या डोक्याशी उभ्या राहून सलाईनची बाटली अडकवत होत्या. डॉक्टरबाई फोनवर होत्या, मोठ्या हॉस्पिटलची गाडी मागवत. काचेपलीकडे नवरा फॉर्मवर वाकला होता.

माझी टाच कोणी तरी उचलली. हलक्या हाताने, दोन बोटांवर तोलून, खालची सुरकुती काढावी तशी. मग दुसरी.

हात कोरडे आणि कोमट होते. दोन वर्षांचा थकवा माझ्या पायांतून निघून चालला होता, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.