डाव्या हाताचा देवजी

ओहोटीने दगा दिला नसता, तर सगुणा त्या उतारूशी दोन शब्दही बोलली नसती.

घणसोलीच्या कोळीवाड्यातल्या दादू कोळ्याची ही मुलगी. बापाचे गुडघे गेले, तेव्हापासून ठाण्याला जाणारी होडी तीच वल्हवायची. त्या रविवारी होडीत एकच माणूस होता, तुर्भ्याहून चालत आलेला देवजी म्हात्रे. अंगात पांढरा डगला, उजवा खांदा जरा उतरलेला. अर्ध्या खाडीत होडी चिखलात रुतली. देवजी ढकलायला उतरला आणि गुडघाभर चिखलात सपशेल आडवा झाला. सगुणा तोंडाला पदर लावून हसू दाबत राहिली.

"आता?" त्याने डगला निपटत विचारलं.

"आता भरतीची वाट बगायची. घाई हाय काय?"

"ठाण्यात मॅच हाय. मी अंपायर."

"म्हंजे खेळनार दुसरे, नि तुमी नुसतं बोट वर करनार…"

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "लढाईआधी मीच बॉल टाकायचो. ठाण्याचे बॅटवाले माजं नाव ऐकून पानी मागायचे. मग हवाई दलात गेलो. ब्रह्मदेशात आमचं विमान पडलं. मी मागं बंदुकीवर होतो. खांदा मोडला, तो अजून डोक्याच्या वर जात नाय."

"नि विमान चालवनारा?"

"आत अडकलेला. आग धरली होती… ओढून काढला. हाय खुशाल, कानपुराला."

"कंच्या हातानं काढला?"

देवजीने चमकून तिच्याकडे पाहिलं. जणू हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. "डाव्या."

"मग तो हात खिशात घालून का बसलाव?"

पाणी चढलं, होडी हलली, तरी तो तिच्याकडेच बघत होता. सगुणाने मान वळवली. वल्हं मात्र उगाचच जोरात पडलं.

पुढच्या रविवारपासून देवजी अंपायरचा डगला घालून आला नाही. बंदराशेजारचं भाताचं शेत कापून मोकळं झालं होतं. तिथे तो डाव्या हाताने बॉल टाकायला शिकू लागला. जोर नव्हता, म्हणून फिरकी. सुरुवातीचे बॉल दांड्यांकडे सोडून खाडीकडेच पळत. सगुणा ते चिखलातून आणून द्यायची.

"मासे मारताव काय?"

"एक मासोळी हाय… पन लय हुशार. जाळ्यात येत नाय."

"जाळं तर टाका आदी," ती हळूच म्हणाली आणि लुगड्याचा काठ पिळत बसली.

पण जाळं पडेना. वर्ष सरलं, बॉल वळू लागला, बोलणं मात्र तिथेच अडे. शेवटी तिनेच लग्नाचं विचारलं, तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अर्ध्या मानसाला कोन पोर देईल, सगुणा?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "पोरीला इचारलं काय तुमी?" म्हणत ती होडीकडे गेली. त्यानंतर ती शेतावर फिरकली नाही.

माघात ठाण्याचा संघ घणसोलीत खेळायला आला. घणसोलीकडून देवजीही मैदानात उतरला होता. बांधावर चार गावं लोटली. सगुणा बापाला हाताला धरून घेऊन आली होती. बापाला खेळ बघायचा होता म्हणे! ठाण्याची शेवटची जोडी उरली आणि जिंकायला तीनच धावा हव्या होत्या. घणसोलीचा कप्तान नामदेव, त्याचे बाकीचे बॉलर मार खाऊन थकले होते. त्याने बॉल देवजीकडे दिला. बांधावर कुजबूज झाली, कुणीतरी फिदीफिदी हसलंही.

पहिल्या बॉलवर दोन धावा निघाल्या. आता बरोबरी झाली होती.

देवजीने घाम पुसला. त्याची नजर बांधावर फिरली… आणि सगुणावर येऊन थांबली. ती हसली नाही. पदर खोचून ती नुसती ताठ उभी राहिली.

पुढचा बॉल त्याने उंच, अगदी हळू सोडला. बॅटवाला हावरेपणाने पुढे धावला. बॉल टप्पा खाऊन सापासारखा आत वळला, बॅटखालून शिरला आणि मधली दांडी आडवी झाली. बरोबरी! ठाण्याच्या संघापुढे घणसोली आजवर नेहमी हरतच आली होती. माणसं शेतात घुसली. देवजीला खांद्यावर उचलायला हात पुढे आले, पण तो त्यांच्यातून वाट काढत थेट बांधाशी आला. छाती अजून धपापत होती.

"दादूकाका," सगळ्यांदेखत तो म्हणाला, "तुमची सगुणा मना द्याल काय?"

म्हाताऱ्याने मुलीकडे पाहिलं. "मना कशाला इचारतोस? तोंड तिला पन हाय."

देवजी तिच्याकडे वळला. इतक्या जवळून, इतक्या धीटपणे त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. "सगुणा…?"

सगुणाच्या गालांवर रंग चढला, पण तिने नजर खाली घातली नाही.

"शिमगा झाला की वऱ्हाड घेऊन ये," ती म्हणाली. "नि उशीर केलास तर मीच तुर्भ्याला येईन."